लिनक्सच्या मालकाला बोलवा!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये हसलात तर मला पुढचं सुचत नाही, आणि अजून माझं डोकं पुरतं थंड झालेलं नाही.

मी तसा रागावणारा माणूस नाही. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर जन्म गेला. तिथे रागाला जागा नाही. डोकं फिरलं की हात घसरतो आणि बोट चाकात जातं. त्यामुळे माझा राग कोळशाच्या शेगडीसारखा झालाय. पेटायला खूप वेळ लागतो. पण एकदा पेटला की वरून पाणी ओता, धुमसतच राहतो!

तर झालं काय, आमच्या ज्योतीने लॅपटॉप घेतला. ज्योती म्हणजे आमची मुलगी, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या घराण्यात इतकं शिकलेली ती पहिलीच. मी तर शाळेची पायरी चढलो नाही, अक्षरं जुळवायला शिकलो तो भांड्यांच्या खोक्यांवरून. सोमवारी तिला कॉलेजात प्रोजेक्ट चालवून दाखवायचा होता, बाहेरचे सर येणार होते. दाखवला तर पास, नाही तर अख्खं वर्ष गेलं. आणि प्रोजेक्ट सगळा त्या लॅपटॉपच्या पोटात.

त्यात लिनक्स होतं. मी विचारलं, "हे काय असतं गं?"

"बाबा, मशीन चालवणारा कारभारी असतो आतमध्ये, तसं समजा. कॉलेजात हेच लागतं. आणि फुकट असतं."

फुकट! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकटचा कारभारी कधी धड काम करतो का, तुम्हीच सांगा!

पहिले काही दिवस चाललं झकास. मग एका सकाळी बिघडलं. चालू केलं की आधी काळ्या पडद्यावर चारपाच ओळी येतात. पहिल्या ओळीवर एक पट्टी असते. जरा वाट बघायची, की त्या ओळीवरून गाडी आपोआप पुढे जाते. पण त्या दिवशी ती पट्टी सर्रकन खाली! थेट शेवटच्या ओळीवर जाऊन बसली आणि हलायला तयार नाही. ज्योतीने बटण दाबून वर आणली, तर परत खाली. वर आणली, परत खाली. वैतागून तिने एंटर मारलं, तर निळा पडदा आणि नुसते आकडेच आकडे.

"हे काय करतंय?"

"मेमरी टेस्ट, बाबा. स्वतःची मेमरी तपासतंय."

"कालपरवा घेतलेल्या मशीनची मेमरी कसली तपासायची? तपासायची तर माझी तपास म्हणावं!"

ती हसली नाही. डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. मैत्रिणीला फोन केला, तिने सांगितलं लिनक्स पुन्हा टाक. दुसरीने सांगितलं, तसं करू नकोस, प्रोजेक्ट पुसला जाईल. मग ज्योती आपली हळूच म्हणाली, "बाबा, कीबोर्डची एखादी की अडकली असेल का? काढून बघू का?"

"खबरदार हात लावशील तर! नवीन मशीनची कळ अडकेल कशी? मी रोज सकाळी स्वतः पुसतो. तू उघडलंस की दुकानदार गॅरंटीवर बोट ठेवून मोकळा होईल."

आता हे पुसण्याचं तुम्हाला सांगायला हवं. आमच्या कारखान्यात नियम होता, पूजा केल्याशिवाय मशीनचा खटका ओढायचा नाही. रोज सकाळी हळदकुंकू, अक्षता, फूल. इतकी वर्षं एकाही मोटरने मला दगा दिला नाही. मग घरच्या मशीनला वेगळा न्याय कशाला? ज्योती झोपलेली असायची तेव्हा मी देवपूजा आटपून लॅपटॉपकडे वळायचो. झाकण उघडायचो, कारण बंद दरवाजाला काय पूजा घालायची? कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहायचो, हात जोडायचो, आणि मग फडक्याने असा साफ करायचो की एक दाणा वर दिसायचा नाही. पॉलिशवाल्याचा हात आहे!

अक्षता खरं तर अखंड तांदळाच्या हव्यात. पण आमची ही म्हणाली, "रोजच्या रोज तुमच्या मशीनला चांगला तांदूळ मी देणार नाही. कणी न्या." नेली कणी.

आणि मशीन बिघडल्यावर मी काय केलं असेल? पूजा बंद केली? छे हो! वाढवली! वाटलं, आपलंच कुठे तरी कमी पडतंय. चिमूटभर वाहत होतो, मूठभर वाहायला लागलो.

शनिवार उजाडला तरी पट्टी खालीच. तेव्हा मात्र माझी शेगडी पेटली. मी शेजारच्या सावंतांचं दार ठोकलं. सावंतांना भांडण म्हटलं की पायात चप्पल घालायची शुद्ध राहत नाही. म्हणाले, "चला! फसवलंय तुम्हाला. हिंदी माझ्यावर सोडा."

लॅपटॉप पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतला, आणि आम्ही तिघे रिक्षाने बेव्हर्ली पार्कला, लॅपटॉप घेतला त्या दुकानात. ज्योती सारखी म्हणत होती, "बाबा, ओरडू नका हं. प्लीज." मी ओरडतो का कधी? पण रिक्षावाला खड्ड्यातून घालत होता आणि प्रत्येक खड्ड्याला माझा आवाज चढत होता.

दुकानदार जिग्नेशभाई, माणूस गोड. बघताच म्हणाला, "आवो काका, बैठो. पाणी?"

"पाणी नको. मालक पायजे!"

"मालक तो मैं ही हूं ना काका."

"तुमचा नाय. ये लिनक्स का मालक! उसको बुलाव!"

"लिनक्स का?" त्याने ज्योतीकडे बघितलं. ज्योती जमिनीकडे बघत होती. "काका, उसका कोई मालक नहीं है. सबका है."

झालं! सावंत पुढे सरसावले. "सबका मतलब किसका? हमारा सोसायटी का टेरेस भी सबका है. उधर टाकी साफ करने को कोण आता है? कोणीच नाय आता है!"

"बरोबर!" मी म्हटलं. "जिसका मालक नाय, वो माल तुम हमारे लडकी को कैसा दिया? सोमवार को उसका परीक्षा है! वर्ष जायेगा तो तुम वापस देगा?"

असा आवाज माझ्या गळ्यात होता हे मलाच माहीत नव्हतं. मी काउंटरवर हात आपटला. इतका जोरात आपटला की कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. दारात माणसं जमली. प्रिंटर बघायला आलेल्या एका बाई पर्स सावरत निघून गेल्या. सावंत त्यांच्या मागून ओरडले, "बरं किया बेन! इधर से कुछ लेना नहीं!"

जिग्नेशभाईचं तोंड एवढंसं झालं. त्याचं गिऱ्हाईक जात होतं हो! तरी आवाज न चढवता म्हणाला, "काका, पहले देखने तो दो."

लॅपटॉप लावला. काळा पडदा, चारपाच ओळी, आणि पट्टी सर्रकन खाली.

"बघा!" मी दारातल्या लोकांकडे वळलो. "बघा सगळ्यांनी! सबने देखो!"

असा आनंद मला ज्योतीच्या दहावीच्या निकालाला झाला नव्हता. बिघाड सिद्ध झाला होता ना!

जिग्नेशभाईने खालच्या बाणाच्या कळेवर बोट ठेवलं. दाबलं. पुन्हा दाबलं. "काका, ये बटन दबा हुआ है. अंदर कुछ फसा है. मशीन को लगता है कोई नीचे-नीचे दबा रहा है."

"शक्यच नाही! रोज साफ करतो मैं! मेरा हात से!"

"रोज?" त्याने जरा विचार केला. "साफ करने से पहले इस पर क्या गिरता है, काका?"

"कुछ गिरता नाय. अक्षता वाहतो फक्त."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं. माझ्याही कानांनी ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

जिग्नेशभाईने बाह्या सरसावल्या. लॅपटॉप बंद केला, अलगद पालथा केला आणि तान्ह्या बाळाची ढेकर काढावी तसं त्याच्या पाठीवर थोपटलं. काचेच्या काउंटरवर टप्. मग टप् टप्. मग जी बरसात सुरू झाली! लाल लाल कणी! एका माणसाची पेज झाली असती!

सावंत वाकून बघत म्हणाले, "हे काय, कणी?"

एवढं स्वच्छ दिसत असताना विचारायची काय गरज होती?

ज्योती मात्र माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही रोज…?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी…"

"मी लिनक्सला शिव्या घालत होते! मैत्रिणींशी भांडले! ती की काढून बघू का विचारलं तर मलाच ओरडलात! रडत होते मी, बाबा, आणि तुम्ही सकाळी उठून अजून ओतत होता?"

आता खरी गंमत सांगतो. चूक माझी, हे कळलं. पण राग? राग तर आत तसाच धगधगत होता! एवढा पेटवलेला, रिक्षा करून आणलेला, आता ठेवायचा कुठे? दुकानदारावर काढायची सोय राहिली नव्हती. लिनक्सला मालकच नव्हता. मग मी सावंतांवर फिरलो.

"तुम्ही कशाला बोंबलत होता हो मघापासून?"

"मी? अहो, तुम्हीच मला दाढी अर्धी टाकून आणलंत!"

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. खरंच, एका गालावर साबण वाळला होता त्यांच्या. लोक हसायला लागले. सावंत तसेच पाय आपटत निघून गेले.

जिग्नेशभाईने कळेची टोपी उचकटून काढली, आत अडकलेला दाणा टाचणीने टिपला, टोपी पुन्हा बसवली. मशीन लावलं. पट्टी पहिल्या ओळीवर शहाण्यासारखी बसली, जराशाने गाडी पुढे गेली आणि ज्योतीचा प्रोजेक्ट जसाच्या तसा समोर आला. तिने एवढा मोठा श्वास सोडला की काउंटरवरची उरलेली कणी उडाली.

मी हात जोडले. "माफ करा, भाई. तुमचं गिऱ्हाईक गेलं माझ्यामुळे."

"अरे काका, पूजा ही तो किया आपने. चोरी थोडी किया?"

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याच्या त्या गोड बोलण्याचाच मला घरी येईपर्यंत राग येत होता.

ज्योतीने लॅपटॉप कपाटात ठेवला, किल्ली आपल्याकडे ठेवली. आमच्या हिने कणीचा डबा वरच्या फळीवर टाकला. मी खुर्चीत बसून राहिलो.

सोमवारी दुपारी फोन वाजला. मी झडप घातली.

"बाबा, झालं! चाललं सगळं! सर खूष!"

"काय म्हणाले गं सर?"

"विचारत होते, एवढं सगळं केलंस, घरून कोणाची मदत झाली?"

"मग?"

"मी म्हटलं, बाबांची."

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! डोळे पुसत हिला खूण केली, ऐक, ऐक, पोरगी काय म्हणतेय. फोन तिच्याही कानाजवळ धरला.

"खरंच माझं नाव घेतलंस? काय मदत केली म्हणालीस?"

"म्हटलं, शनिवारपासून बाबांनी लॅपटॉपला हात लावला नाही."