गुरुवारची खोली

लष्कराच्या सिग्नल्समधून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि पिंपरीच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला लागलो. साल एकोणऐंशी. राहायला निगडीला. पहिल्याच आठवड्यात गेटवर नाईक मारुती गवारे समोर उभा राहिला. एकाहत्तरच्या लढाईत आम्ही एकाच युनिटमध्ये होतो. तो पुढच्या पोस्टवर वायरलेस सेटवर, मी मागे कंट्रोलला. माणूस चाकणजवळच्या निघोज्याचा, माझ्याआधीपासून तिथेच गार्ड. त्यानं सॅल्यूट केला.

तो प्यायचा. युनिटमध्ये रम बहुतेक जण घेत, ते वेगळं. हा सकाळी चूळ भरायच्या आधी हातभट्टीची घ्यायचा. तरी ड्यूटीवर वेळेत हजर, बुटांना पॉलिश. सुपरवायझरनं त्याला तोंडी समज दिली होती. पुढच्या वेळी घरी बसवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा त्याची बायको सखूबाई गेटवर आली. देवाच्या शपथा झाल्या, अंगारे झाले, आता तुम्हीच काय ते बघा, म्हणाली.

मी चौकशी सुरू केली. पिंपरीतल्या एका डॉक्टरांनी वेड्यांच्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. मारुती वेडा नव्हता. पुण्यात कॅम्पात एका चर्चमागे दारू सोडलेले लोक जमतात, असं मिलिटरी कँटीनच्या कारकुनाकडून कळलं. आम्ही दोघं गेलो. माणसं चांगली होती, चहा दिला, पण सगळं बोलणं इंग्रजीत. मारुती ब्रीफिंगला बसावं तसा ताठ बसून राहिला. निघताना त्यांच्यातला एक जण हिंदीत म्हणाला की पिंपरीतही काही कामगार जमतात, दर गुरुवारी, एका विहाराशेजारच्या खोलीत. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारची.

खोली पटकन सापडली नाही. बाहेर पाटी नव्हती आणि विचारलं की लोक हसायचे. शेवटी एका चहावाल्यानं दार दाखवलं. आत सतरंजीवर थोडी माणसं बसलेली. कांबळे नावाचे टर्नर तिथलं सगळं बघत. एकेकानं आपलं नाव सांगायचं आणि दारूनं आपलं काय केलं ते सांगायचं. कुणी मध्ये बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही.

पहिल्या गुरुवारी मारुतीनं फक्त ऐकलं. दुसऱ्या गुरुवारी उभा राहिला.

"नाईक मारुती गवारे. झोप येत न्हाई, म्हणून पितो."

"बसून बोला, भाऊ," कांबळे म्हणाले. "आम्हालापण येत नव्हती."

मग त्यांनी बजावलं की एकदम तोडू नका, आधी डॉक्टरला दाखवा. मारुतीनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं एकदम बंद केली. मला त्यानं सांगितलं नव्हतं.

सोमवारी तो ड्यूटीवर नव्हता. मंगळवारी सकाळी सायकल काढून मी निघोज्याला गेलो. सखूबाई दारातच उभी होती.

"घेतलीय का?" मी विचारलं.

"न्हाई वो भाऊजी. शुक्करवारपासनं थेंब न्हाई. रातीपासनं मला वळखंना."

आत मारुती कोपऱ्यात उकिडवा बसला होता. अंग घामानं निथळत होतं. मूठ कानाशी धरलेली. माझ्याकडे बघत होता, पण त्याला मी दिसत नव्हतो.

"कंट्रोल फॉर ब्राव्हो. लाइन तुटलीय. शिंदे जोडायला गेलाय, परत आला न्हाई. ओव्हर."

सिपाही नामदेव शिंदे आमचा लाइनमन. तुटलेली केबल जोडायला बाहेर पडला आणि शेलिंगमध्ये मारला गेला. ब्राव्हो म्हणजे मारुतीची पोस्ट; हेच शब्द मी तेव्हा हेडफोनमधून ऐकले होते. शिंदेला आणायला जाऊ का, असं मारुतीनं विचारलं होतं. साहेबांनी नाही म्हटलं. ती ऑर्डर मी त्याला सेटवरून कळवली होती.

आता तो उठला आणि दाराकडे निघाला. बाहेर अंगणालगत कठडा नसलेली विहीर होती.

"शिंदेला आणायला जातोय. ओव्हर."

"ब्राव्हो फॉर कंट्रोल," मी म्हणालो. "सेट सोडायचा नाही. रिलीफ पार्टी निघालीय. ओव्हर."

तो थांबला. "विल्को," म्हणजे हुकूम पाळतो, म्हणाला आणि खाली बसला.

सखूबाईनं धावत जाऊन चाकणच्या बाजाराला निघालेला कांद्याचा टेम्पो अडवला. ड्रायव्हरनं काही न विचारता पोती रस्त्याकडेला उतरवली. वाटेत मारुतीला झटके आले. मधल्या वेळात तो रिपोर्ट देत राहिला, मी उत्तर देत राहिलो. मग रिपोर्ट यायचे थांबले. तरी मी दवाखान्यापर्यंत कॉल देत होतो.

डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं पिणाऱ्यानं औषधाशिवाय एकदम सोडली की असं होतं. दुपारी तो गेला.

गुरुवारी मी खोलीवर जाऊन सांगितलं. तेव्हापासून तिथे नवा माणूस आला की पहिला प्रश्न, शेवटची कधी घेतली? मग त्याच दिवशी कुणीतरी त्याला डॉक्टरकडे घेऊन जातं. मी पीत नाही, तरी हे काम माझ्याकडे आलं. सायकलच्या कॅरिअरवर बसवून मी बरेच जण नेले. काही टिकले.

मारुतीचा दहावा इंद्रायणीच्या काठावर झाला. दारूनं खाल्ला बघा, असं कुणीतरी म्हणालं. सखूबाईनं ते ऐकलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "सोडली व्हती त्यांनी. पिऊन न्हाई मेले."

शिंदेचं नाव युनिटच्या स्मारकावर आहे. मारुतीचं नाही. माझ्या हिशेबी दोघेही ड्यूटीवर असताना गेले.