सोनं घेऊन आलेली माणसं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी बेळगावात, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तिच्यासाठीच इडली बांधून घेत होते. “वर ये,” एवढंच ती म्हणाली. माझा थोरला भाऊ, अण्णा, गेला होता. तो कॅन्सरने गेला नाही. हे लिहायलाच हवं, कारण गेले कित्येक दिवस जो तो येऊन “कॅन्सरनं नेलं बघा” असं मला सांगून जातो आहे, आणि मी मान डोलावते आहे.

अण्णा निपाणीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होता. मराठीत आणि कन्नडमध्ये गाड्या पुकारायचा. कोल्हापूरची गाडी सुटताना लांबून कुणी धावत येताना दिसलं की ड्रायव्हरला हात करून थांबवायचा आणि आतल्यांची बोलणी खायचा. कुणाला मागे ठेवून जाणं त्याला जमतच नसे. निवृत्तीनंतर त्याची पाठ दुखायला लागली. उसण म्हणून तेलं चोळून झाली, मणक्याचे डॉक्टर झाले, आणि मग नाव कळलं... मल्टिपल मायलोमा, हाडांच्या आतल्या मगजात होणारा रक्ताचा कॅन्सर. इंजेक्शनं सुरू झाली आणि खरंच गुण आला. डॉक्टर म्हणाले, आजार आटोक्यात आहे, चांगली वर्षं मिळतील. पण संसर्गाशी लढायची ताकद या आजारात जाते आणि औषधांनी आणखी कमी होते. फ्लूची लस दिली आहे, पण ती पुरती लागू पडेल याचा भरवसा नाही. तुम्हाला जिथे नुसती सर्दी होते, तिथे यांना न्यूमोनिया होऊ शकतो. खोकणाऱ्या माणसाला घरात घेऊ नका.

वहिनीने ते मनावर घेतलं आणि गावाशी वाकडं घेतलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर, आणि आलेल्याला दारातून परत लावणं त्याहून वाईट. शिवाशिव पाळायला लागली, नवऱ्याला कोंडून ठेवते, असं बायका उघड बोलू लागल्या. मास्क मागितला तर कोरोना कधीच गेला म्हणून हसायचे. गंमत अशी, की अण्णाचा आजार आपल्याला लागू नये म्हणून ही आपल्याला लांब ठेवते, असंच सगळ्यांना वाटायचं. आपल्यापासूनच अण्णाला जपायचं आहे, हे एकाच्याही डोक्यात शिरलं नाही.

दसऱ्याला मी निपाणीतच होते. संध्याकाळी आपट्याचं सोनं घेऊन माणसं वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला येतात, ती येणारच. वहिनीने व्हरांड्यात टेबलावर ताट ठेवलं. सोनं ताटात ठेवायचं आणि खिडकीतून नमस्कार करायचा. तोंडं वाकडी करून का होईना, लोकांनी ऐकलं. मग खानापूरहून आमचे चुलतभाऊ आप्पा आले. घसा बसलेला, नाक गळत होतं, दर वाक्याला खोकला. वहिनी दारात आडवी उभी राहिली.

“कॅन्सर काय एकमेकाला लागत न्हाय. मी भीत न्हाय,” आप्पा म्हणाले.

तेवढ्यात अण्णा स्वतःच बाहेर आला. आत जा म्हणून मी त्याचा हात धरला, तर तो सोडवून घेत म्हणाला, “सोनं घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवायचं व्हय गं? मग जगून तरी काय करायचं?”

त्याने मास्क हनुवटीखाली ओढला. आप्पांनी त्याला कडकडून पोटाशी धरलं, चारचौघांना दिसेल असं.

आठवडा उलटायच्या आत ताप आला. बेळगावला आणेपर्यंत त्याला धाप लागली होती. तपासणीत निघाला साधा फ्लू. मायलोमा शेवटपर्यंत आटोक्यात होता, असं डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं. त्या सांगण्याचं आम्ही काय करायचं होतं कुणास ठाऊक. तो फ्लू आप्पांकडूनच आला हे मी सिद्ध करू शकणार नाही. मला ते करायचंही नाही. मला फक्त राग येतो, त्यांचा आणि अण्णाचाही. इतक्या जणांना भिडून बायकोने त्याला जपलं, आणि त्याने एका संध्याकाळी तिचं म्हणणं मोडलं, तेही भलेपणाने.

अण्णाच्या दिवसांना घर भरून गेलं. तेव्हा कुणाला अडवायचं कारण नव्हतं. शेवटी बायकोनं धड भेटूसुद्धा दिलं नाही, अशी कुजबुज वहिनीच्या पाठीमागेच चालली होती. आप्पा मात्र सगळ्यांना सांगत होते, शेवटची गळाभेट माझ्या नशिबात होती. न राहवून मी विचारलं, “आप्पा, तुमचा खोकला कसा आहे?”

“गेला की गं, दोन दिसांत. काढा घेतलो.”

मी त्यांना चहा दिला.

गेल्या आठवड्यात निपाणीला गेले होते. दुपारी वहिनीशी बोलत बसले असताना तिला शिंक आली. तोंडाला पदर लावून ती लगबगीने उठली, मागच्या अंगणात गेली आणि बाहेरून दार ओढून घेतलं. शिंकल्याचा आवाज आला. ती बराच वेळ आत आली नाही, म्हणून मी दार उघडलं. ती नळावर हात धूत होती, साबण लावून, कोपरापर्यंत.

“आलेच,” ती म्हणाली. “सर्दी असंल. तू अण्णांच्या खोलीचं दार लावून घे आधी.”

मी जाऊन लावून घेतलं.