देव्हाऱ्यातली पायली

कोणाच्याही दुकानात शिरताना छापवाले वहाणा उंबऱ्याबाहेर काढत. गिऱ्हाईक म्हणून आले तर काढतच, पण जप्ती करायला आले तरीही काढत. वजनमापांचा कायदा तेव्हा नवा नवा लागू झाला होता आणि नाशिकला सरकारनं जे तपासनीस धाडले ते हे. न सांगता दुकानात शिरायचं, मापं तपासायची, खरी असतील त्यांवर छाप मारायचा, खोटी असतील ती उचलून न्यायची, एवढे त्यांचे अधिकार. "दुकान ही लक्ष्मीची जागा. सरकारचं काम असलं म्हणून काय झालं?" असं ते म्हणत. रविवार पेठेतले व्यापारी म्हणत, यापेक्षा चोर बरा, त्याला निदान 'या, बसा' म्हणावं लागत नाही.

मी शाळामास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. माणूस तसा रुक्षच होता. पेठेत कोणाचा चहा घेत नसत. "चहा घेतला की पारडं झुकतं," एवढंच म्हणत. ठरल्यापेक्षा मोठ्या मापावरही ते छाप मारत नसत. एका भाबड्या तेल्यानं हात जोडून सांगितलं की माझं माप गिऱ्हाइकाच्या फायद्याचं आहे. त्याला उत्तर मिळालं, "मोठं मापही खोटंच. आज विकताय, उद्या त्याच मापानं विकत घ्याल." तेल्याला ते लागलं. मलाही तेव्हा हे जरा अतीच वाटलं होतं.

बुधवारी हरसूलकडची डोंगरातली माणसं नागली, वरई घेऊन पेठेत येत. त्यांचा माल घेणारे एक बडे शेटजी होते. त्यांच्या दारात एका म्हातारीनं छापवाल्यांना सांगितलं की घरी मोजून आणलेली नागली इथं आली की कमी भरते. शेटजींचं म्हणणं, वाटेत गोणीतून सांडते. दरसाल आणि सगळ्यांचीच कशी सांडते, हे कोणी विचारलं नव्हतं.

छापवाले दुकानात शिरले तेव्हा बाहेरच्या सगळ्या मापांवर छाप होता. धान्य मोजायची पायली सापडली आतल्या देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावून, फूल वाहून ठेवलेली. खळ्यात आणि दिवाळीला मापाची पूजा आपल्याकडे होतेच. शेटजी म्हणाले, ही देवाची आहे, हिला हात लावाल तर पेठ पेटेल. बाहेर गर्दी जमली होती आणि पंच म्हणून मी उभा होतो. छापवाल्यांनी हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, फूल काढून देवापुढे ठेवलं आणि पायली उचलली. "देवाबद्दल माझी तक्रार नाही," ते म्हणाले.

खटला चालला आणि शेटजी सुटले. कायदा व्यापाराच्या मापांना लागू, पूजेच्या नाही. पायली व्यापारात वापरतात हे सांगायला डोंगरातून कोणी आलं नाही. येणार कसं, वर्षाचा माल त्याच दारात घालायचा होता. पायली सन्मानानं परत करावी, असा हुकूम झाला. बुधवारी ती देव्हाऱ्यातून उतरणार, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं.

छापवाले ती घेऊन गेले तेही बुधवारीच. दारात डोंगरातली माणसं गोण्या टेकवून बसली होती. छापवाल्यांनी पायली ओट्यावर ठेवली, सोबत स्वतःच्या पैशानं घेतलेले तांदूळ आणि छापाचा शेर. "देवाचं भांडं रिकामं परत देऊ नये," असं शेटजींना म्हणाले आणि मोठ्यानं मोजत शेर ओतू लागले. पहिल्याला रिवाजाप्रमाणे 'लाभ', मग दोन, तीन, चार. पायली म्हणजे चार शेर, हे डोंगरातल्या पोरालाही कळतं. पायली अजून भरली नव्हती. छापवाले पाचवा शेर ओतत राहिले आणि तो जवळजवळ सगळा आत मावला. म्हातारी हळूच म्हणाली, "आमी सांडली म्हणूनच समजत व्हतो."

आठवड्याच्या आत छापवाल्यांच्या बदलीचा हुकूम आला. अधिकाराबाहेरचं वर्तन, असा ठपका होता. मी सरकारला नावं ठेवू लागलो, तर त्यांनी मलाच गप्प केलं. "ठपका बरोबर आहे. मला जप्त करायचा अधिकार होता, भरून दाखवायचा नव्हता." वळकटी टांग्यात टाकून ते स्टेशनकडे गेले. निरोपाला मी एकटाच होतो.

तो दिवसही बुधवारचाच होता. परतताना मी पेठेतून आलो. शेटजींच्या माणसानं पायली बाहेर काढली होती आणि नागली ओतायला तो गोणीचं तोंड सोडत होता. म्हातारीनं पायलीवर आपला तळवा आडवा धरला.

"हिनं नाय," ती म्हणाली. "शेरानं मोज. मोठ्यानं मोज."