वासरांची मास्तरीणबाई

मास्तरीणबाई शाळेची पायरी कधीच चढल्या नव्हत्या. करमाडजवळच्या आमच्या वस्तीवर त्यांना हे नाव पडलं ते वासरांमुळे. तोंडाला दोरीची म्होरकी घालून घ्यायला, गुमान बांधून घ्यायला, दोरीसोबत चालायला त्या वासरांना शिकवायच्या. नवं वासरू बांधलं की शेजारीच गोणपाट टाकून बसायच्या, आणि ते सोडेपर्यंत उठायच्या नाहीत. एकदा त्यांच्याच मुलीला बघायला पाहुणे आले. बाईंनी त्यांना गोठ्यातच बोलावलं. "धा मिनटं बसा. ह्ये लेकरू नवं हाय." पाहुणे शेणाच्या पाट्यांमध्ये अंग चोरून बसले. लग्न जमलं. "तितंच कळलं, माणसं धीराची हायेत," असं त्या नंतर सगळ्यांना सांगायच्या.

गाठीच्या बाबतीत बाई फार कडक. दोरी वासराच्या डोक्याच्या उंचीला बांधायची, हातभरच लांब ठेवायची, म्हणजे तिच्यात पाय अडकत नाही. आणि गाठ अशी, की मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटावी. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. राहतो शहरात, उस्मानपुऱ्यात; वस्तीवर आबांकडे जातो सुट्टीला. मला त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं. "तुमच्या मशिनीला बंद करायचं लाल बटन असतंय ना? ह्ये टोक म्हंजी त्ये." मी गाठ मारायचो, त्या ओढून बघायच्या. अडकली की म्हणायच्या, "नापास. बस खाली, पुन्हा मार."

चार वर्षांपूर्वी मी आठवडाभर रजेवर होतो. आमची चिमी नावाची कालवड बाईंनी तीन दिवस शिकवली आणि चौथ्या दिवशी दोरी माझ्या हातात दिली. "आज तू बांध. मी बाजूच्या तुरीत हाय. जागचा हलू नको." मी बांधली. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. रेंज मिळेना म्हणून मी बांधावर गेलो आणि बोलत राहिलो. परत आलो तर चिमी आडवी पडलेली, पाय दोरीवरून गेलेला, जीभ बाहेर. घाईत मी दोरी लांब ठेवली होती आणि गाठ साधीच मारली होती. ओढली तशी ती आणखी आवळली. माझी बोंब ऐकून बाई विळा घेऊन पळत आल्या आणि त्यांनी दोरी कापली. चिमी वाचली.

संध्याकाळी माझ्या वडिलांनी, आबांनी, तिची सुजलेली मान पाहिली. "कुणी बांधली व्हती?"

"मास्तरीणबाईंनी," मी म्हणालो.

बाई तिथंच चिमीच्या मानेला हळद लावत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "व्हय," म्हणाल्या, "माझंच चुकलं."

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. पोरवय होतं असंही म्हणता येत नाही.

आबांनी ते चारचौघांत सांगितलं. वर्षभर बाईंना वासरू शिकवायला कुणी बोलावलं नाही. त्या दिसल्या की मी वाट बदलायचो. त्याच हाक मारायच्या, "इंजिनिअर, लपतो कशाला? मी काय तुला बांधून घालणार हाय व्हय?"

शेवटी एका सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली. त्या तांदूळ निवडत होत्या. "मला काय सांगतो? मला ठाव नाय व्हय? जिथं माझं नाव गेलं तिथं सांग."

मी तसाच डेअरीवर गेलो. दूध घालायला सगळी वस्ती जमली होती, आबाही होते. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आबांनी कॅन खाली ठेवला. "एवढा घोडा झालास," इतकंच म्हणाले आणि तडक बाईंच्या दारात गेले. "मास्तरीण, आमचं चुकलं."

"तुमचं नाय, तुमच्या घोड्याचं," बाई म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

गेल्या संक्रांतीनंतर बाईंच्या गुडघ्यांनी साथ सोडली, म्हणून लेक त्यांना जालन्याला न्यायला आली. जीपभोवती सगळे जमले. कुणीतरी विचारलं, "आता आमची वासरं कुणी शिकवायची?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"ह्यो?" शेजारचे बाबूराव हसले. "ह्यानं तर घरचीच कालवड मारली असती."

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. "तुम्हाला अजून भ्या ठाव नाय. ह्याला हाय."

जीप निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरच्या आमच्या घराचं दार वाजलं. बाबूराव आपला गोऱ्हा घेऊन अंगणात उभे होते.