पानावर राहिलेला चांगदेव

निमोण्याच्या धनगरवाड्यातली प्रतिभा कॉम्प्युटर शिकली आणि दोन हजार तीन साली कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात लागली. कंट्रोल रूममधली मशिनं तिच्याकडं होती. रिअ‍ॅक्टरच्या तापमानाचे आकडे पडद्यावर उशिरा येतात, अशी ऑपरेटरांची तक्रार होती. म्हणून तिनं थेट कर्नललाच हात घातला. कर्नल म्हणजे मशीनचा कारभारी; मागेल त्या प्रोग्रामला तो मेमरीची पानं वाटून देतो. देण्याआधी पानावरचं जुनं लिहिलेलं पुसायचं असतं. वेळ वाचावा म्हणून प्रतिभानं प्रोग्राममधली ती पुसायची ओळच काढून टाकली. आकडे झपाझप येऊ लागले.

पुढं ऑपरेटर चांगदेव ड्युटीवर येताना हायवेवर ट्रकखाली गेला.

त्याचं तेरावं झालं आणि एका दुपारी त्याच्या जागी आलेले ऑपरेटर सोपानराव तिच्या टेबलापाशी आले. थोरला माणूस, पण तोंड उतरलेलं.

"मॅडम, चांगदेव ड्युटीवर हाय."

पडद्याच्या कोपऱ्यात ऑपरेटरच्या जागी खरंच त्याचं नाव होतं. सोपानरावांनी आपलं नाव घातलं, तरी थोड्या वेळानं पुन्हा चांगदेव. त्या खुर्चीत कुणी बसेना.

प्रतिभाला कारण उमगायला वेळ लागला नाही. कारखाना चोवीस तास चालू, मशीन कधी बंद नाही. चांगदेवानं लिहिलेलं नाव जुन्या पानावर तसंच राहिलेलं, आणि तेच पान फिरून फिरून नव्यानं दिलं जात होतं.

ती दुरुस्ती चढवणार, तोच चांगदेवाची बायको नकुशी त्याचे कारखान्यात राहिलेले कपडे न्यायला आली. तिच्या कानावर गेलंच होतं. पडद्यावरच्या नावावर तिनं बोट ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या की ताई. कुणाचं काय खातंय ते?"

"वहिनी, नावासारखे जुने आकडेबी येतील. रिअ‍ॅक्टर तापला तरी गार दिसंल. कुणाचा तरी जीव जाईल."

नकुशीनं पदरानं तोंड पुसलं. "मग पुसा. पर मी गेल्याव."

ती फाटकाबाहेर पडेपर्यंत प्रतिभा थांबली. मग काढलेली ओळ तिनं परत घातली, मशीन बंद करून चालू केलं. नाव गेलं. सोपानराव खुर्चीत बसले, पण हात जोडून.

प्रतिभा पुढं पुण्याला मोठ्या कंपनीत गेली. काम तेच, मेमरीचं. पान पुसायची ओळ लिहिताना मात्र पाठीशी कुणीतरी उभं आहे असं तिला वाटायचं. तिनं कधी मागं वळून बघितलं नाही.