कुलपातली बाजरी

निमोण्याच्या जालिंदरमामांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. तलाठ्याने सातबारा द्यायला उशीर केला तरी त्यांना त्यात अमेरिकेचा हात दिसे. मेंढरं चारणाऱ्या बापाला सरकारी शिपायाने काठीने हुसकावलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. पुढे शिरूरच्या एस.टी. स्टँडवर लाल पत्रकं वाटणाऱ्यांकडून ते मार्क्स शिकले. "राज्यसत्ता म्हंजी भांडवलदाराच्या दारातलं कुत्रं," ते म्हणायचे. "आन् साम्राज्यवादाला आता तोफा लागत न्हाईत, कागद पुरतो." मी शेजारी, त्यामुळे हे रोज ऐकणं मला भाग होतं. मी चेष्टा करायचो, पण मनातून पटायचंही.

चौऱ्याण्णवला जागतिक व्यापाराच्या गॅट करारावर सह्या झाल्या. आता कंपन्यांचा डोळा आपल्या बियाण्यावर, असं मामांनी ठरवून टाकलं. त्यांच्या बायकोची, भामाबाईची बाजरी गावात नावाजलेली. ती स्वतः कणसं निवडायची, बी राखेत घोळून मडक्यात ठेवायची. गावाची रीत अशी, की पेरणी वाया गेली तर ज्याच्याकडे बी उरलंय त्याच्या दारात सूप घेऊन जायचं. तिथे नकार नसतो.

त्या पावसाळ्यात मोटारसायकलवरून एक अनोळखी माणूस आला आणि संशोधनासाठी मूठभर बी मागू लागला. मामांनी त्याला हाकललं, मडकं ट्रंकेत ठेवलं आणि कुलूप ठोकलं. पुढे पावसाने ओढ दिली. मामांचं ओढ्याकाठचं रान तगलं, बाकीच्यांची पेरणी करपली. म्हातारी दगडाबाई सूप घेऊन आली.

"मावशी, तुमच्याकडनं कंपनीवाला कवा घेऊन जाईल, कळायचं न्हाई," मामा म्हणाले.

तिचं सूप रिकामं गेलं, माझंही. मला त्याचा राग अजून आहे. सगळ्यांनी शिरूरहून कंपनीची पाकिटं आणली. पीक बरं आलं, पण त्या संकरित बाजरीचं बी पुन्हा पेरून उपयोग नसतो.

पुढच्या वर्षी घरोघर बियाण्याची झडती होणार, असं मामांच्या डोक्यात बसलं. झडतीत काही सापडू नये म्हणून त्यांनी मडकं झाडून सगळं बी पेरून टाकलं. त्या वर्षी ओढाही आटला. कोवळी रोपं आठवड्यात करपली. मामा सूप घेऊन दारोदार हिंडले. भामाबाईचं बी एकाही घरात नव्हतं.

"अवो, अमेरिकेला यावंच लागलं न्हाई," भामाबाई म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "माझ्या सासूच्या हातचं बी हुतं ते. सरकार, कंपनी, समदं तुम्हीच झालात."

मामांनी रिकामं सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

दुपारी दगडाबाई आली. सुपात कंपनीच्या बियाण्याचं अर्धं पाकीट होतं.

"घे, जालिंदरा. मागितल्यावर न्हाई म्हणायचं नसतं."

काड्यापेटीवरही कंपनी कुठली ते वाचणारा तो माणूस. मामांनी बी ओंजळीत ओतून घेतलं आणि पाकीट न वाचताच चुलीत घातलं.