गुलाबाच्या वाफ्यात चार बोटं पाणी

"थांबवा हो त्या माणसाले! माह्ये गुलाब कापून राहिला तो!"

तुमसरच्या राइस मिलच्या मालकीणबाई अशा ओरडल्या, की मिलचं मशीनसुद्धा दचकून थांबलं. माझ्या हातात सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री. पायाशी चाळीस गुलाबांच्या फांद्यांचा ढीग.

"वहिनी, कापतो म्हणूनच वाचतील."

"दीड महिन्यावर पोरीचं साक्षगंध हाय! तिले स्टेजवर घरचेच गुलाब पाहिजेत. आता काय काड्या लावू?"

माझी लाखनीला नर्सरी. माझ्या गुलाबांच्या वासानं हायवेवरचे ट्रक आपोआप ब्रेक मारतात. पण त्या सकाळी वहिनींनी बोलावून दाखवले, तसे गुलाब मीही पाहिले नव्हते. पानं पिवळी, फांद्या शेंड्याकडून काळ्या. एक झाड ओढून पाहिलं, तर सरळ हातात आलं. मुळं सडलेली. वास असा, की शेजारच्या मांजरानं गाव सोडलं.

कारण समोरच होतं. वाफ्याभोवती हातभर उंच पाळ, चोपून बांधलेली. आत चार बोटं पाणी. मधोमध एक बेडूक, मिलच्या मालकासारखा बसलेला.

"हे कोणी केलं?"

मिलचे मुकादम सदाभाऊ पुढे आले. सगळा जन्म धानाच्या बांधीत गेलेला माणूस. "मी केलं. एक दिवस सुकू देल्लं नाही."

"काहून पण? गुलाब हाय हा, धान नाही!"

"झाड तं हाय ना."

धान पाण्यात उभं राहून हसतं. गुलाबाच्या मुळांना हवा लागते, नाहीतर ती गुदमरतात.

पाळ फोडली. पाणी असं सुटलं, की वैनगंगेनं मान वर करून पाहिलं असेल. मातीत वाळू, शेणखत, मिलच्याच तुसाची राख घातली. मुळं कमी झाली, मग वरचा भारही कमी हवा, म्हणून छाटणी. फांदीवर नवी फूट येते त्या जागेला आम्ही डोळा म्हणतो. बाहेरच्या बाजूचा डोळा बघायचा आणि त्याच्या जरा वर तिरपा काप द्यायचा.

"आणि बोटभर माती सुकल्याशिवाय पाणी नाही," मी सदाभाऊंना बजावलं.

"फुलं नाही आली तर?" वहिनी.

"नर्सरीले कुलूप. तुमच्या मिलमध्ये पोते उचलीन."

"सदाभाऊ, यायले पोत्याखाली डोक्यावर घ्याले एक दुपट्टा काढून ठेवा!"

दोन आठवडे काड्या काड्याच राहिल्या. मी घरी पाठीचे व्यायाम सुरू केले. तिसऱ्या आठवड्यात तांबडी फूट निघाली आणि मी व्यायाम सोडले.

साक्षगंधाला फुलं आली ती ताटाएवढी. शपथेवर सांगतो, नवरदेव मागे दिसेना. त्याच्या आईनं विचारलं, "नागपूरहून मागवले का?" वहिनी म्हणाल्या, "छट्! अंगणातले हायेत." आणि नवरीपेक्षा जास्त लाजल्या.

झाडं तहानेनं मरतात त्याहून जास्त मायेनं मरतात, एवढं मी या धंद्यात शिकलो. हेच सदाभाऊंना ऐकवलं आणि विचारलं, "आता पटलं ना?"

त्यांनी एक फूल वाकवलं. बोटांनी दाबलं. आत डोकावून पाहिलं.

"दाणा नाही भरला," म्हणाले.